दुखणे सांगितले आणि माग गेला

भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीत यंत्रमागावरच्या कारीगराला कामावरून काढले, असा कागद शोधायला गेले तर सहसा मिळत नाही. नोटीस नसते, आरोप नसतो, चौकशीही नसते. कारीगर मुकादमाला सांगतो, "कंबर फार धरली आहे, बीम चढवायला जोडीला माणूस द्या." मुकादम म्हणतो, "घरी जाऊन आराम कर." चार दिवसांनी कारीगर शेडमध्ये येतो तेव्हा त्याच्या मागांवर दुसराच माणूस उभा असतो. महिन्याभराने कोणी विचारले तर मालकाचे उत्तर तयार असते: "आम्ही काढले नाही, तोच आला नाही."

अशा रीतीने काम जाणाऱ्यांची गणती कुठल्याही सरकारी रजिस्टरात होत नाही. आमच्या वाचकांत मालक आहेत, मजुरीवर कापड विणून देणारे छोटे मागधारक आहेत, गाळ्यावर बसणारे व्यापारी आहेत आणि स्वतः माग चालवणारे कारीगरही आहेत. या चौघांचाही या प्रश्नाशी पैशाचा संबंध आहे. म्हणून दुखणे सांगणे आणि काम जाणे या दोन गोष्टींच्या मध्ये कायदा कुठे उभा आहे आणि तो हाताशी कसा येतो, हे आम्ही येथे मांडत आहोत.

प्रथम दुखणे म्हणजे काय ते पाहू. साधा धोट्याचा माग चालवणारा कारीगर एका वेळी चार ते आठ माग सांभाळतो. पाळी बहुतेक ठिकाणी बारा तासांची. बसायला जागा नाही, आणि असली तरी बसणे परवडत नाही, कारण मजुरी मीटरवर आहे. तार तुटली की मागावर ओणवे होऊन ती फणीतून काढायची, गाठ मारायची, हात मारून माग सुरू करायचा, तोवर पलीकडच्या मागाची कांडी संपलेली असते. हे दिवसातून शेकडो वेळा होते. त्यात भर म्हणजे बीम. सूत भरलेला बीम एका माणसाने उचलण्याचा भार नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने एकट्याने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सांगितली आहे. आमच्या शेडमधला बीम या मर्यादेत बसत नाही, हे मालकाला आणि बीमवाल्याला दोघांनाही ठाऊक असते.

याचा परिणाम आधी कंबरेवर होतो, मग खांद्यावर, मग गुडघ्यांवर. पायांच्या शिरा फुगतात. कानाचे वेगळेच आहे. कान दुखत नाही, तो हळूहळू जातो, म्हणून त्याची कोणी तक्रारही करत नाही.

छातीच्या दुखण्याबद्दल एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या गावांत चटकन निसटते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. हा रोग मुख्यतः सूतगिरणीत, कापूस फोडणे आणि पिंजणे या खात्यांत होतो, विणकामात कमी. त्याची ओळख अशी की साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि पुढच्या दिवसांत थोडी सैल पडते. डॉक्टरी पुस्तकांत याला सोमवारचा त्रास म्हणतात, कारण ती पुस्तके रविवारी सुट्टी असणाऱ्या गिरण्या पाहून लिहिली गेली. मालेगावसारख्या गावात कारखाने शुक्रवारी बंद असतात. तिथे हा सोमवार शनिवारी येतो. बाहेरगावच्या डॉक्टरने "सोमवारी जास्त होते का?" असे विचारले आणि कारीगराने प्रामाणिकपणे "नाही" म्हटले की निदान तिथेच चुकते. तेव्हा प्रश्नाची वाट न पाहता आपली सुट्टी कोणत्या वारी असते ते डॉक्टरला आधी सांगावे. हा रोग १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नावानिशी होता. अशा रोगाबद्दल भरपाई मागताना अपघात झाल्याचे दाखवावे लागत नाही, कामाचा कालावधी आणि रोग दाखवावा लागतो.

कंबर आणि खांदा यांचे तसे नाही. इथेच बहुतेकांचे प्रकरण अडते. कायद्याची भाषा अशी की इजा "कामाच्या ओघात आणि कामामुळे झालेल्या अपघाताने" झालेली असावी. बीम उचलताना कंबरेत कडकन आवाज झाला, माणूस जागीच बसला, तर तो अपघात आहे, मग बाहेर रक्ताचा थेंब दिसो वा न दिसो. पण दहा वर्षे ओणवे राहून मणका झिजला तर "अपघात कोणता, कोणत्या दिवशी झाला?" हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर द्यायला कारीगराजवळ काही नसते. म्हणून दुखणे कोणत्या शब्दांत सांगितले याला मोठी किंमत आहे. "बऱ्याच दिवसांपासून कंबर दुखते" हे एक वाक्य झाले. "मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास पाच नंबरच्या मागावर बीम चढवताना कंबरेत चमक भरली, तेव्हापासून वाकता येत नाही" हे दुसरे. जे खरे असेल तेच सांगावे, खोटा वार घालू नये. परंतु खरोखर वार, वेळ आणि काम ठाऊक असताना लाजेने किंवा घाईने पहिले वाक्य बोलून मोकळे होणारे कारीगर आम्ही पुष्कळ पाहतो.

आता शब्दांचीच गोष्ट निघाली आहे तर आणखी दोन शब्द. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी आम्ही बाजारात आणि कचेरीत शिकलो. त्यामुळे हे दोन शब्द माणसाला कसे फसवतात हे आम्हाला लवकर कळले. मराठीत "तक्रार" म्हणजे गाऱ्हाणे. उर्दूत "तकरार" म्हणजे भांडण, हुज्जत. गाऱ्हाण्याला उर्दूत शिकायत म्हणतात. "तुझी तक्रार लिहून दे" असे साहेबाने म्हटले की आमचा कारीगर दचकतो, त्याला वाटते आपल्याला भांडखोर ठरवत आहेत. तो म्हणतो, "नाही साहेब, तकरार काही नाही." साहेब तसेच लिहून घेतो.

दुसरा शब्द याहून महाग पडतो. तो म्हणजे "राजीनामा". उर्दूत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद, समझोता. नोकरी सोडण्याच्या पत्राला उर्दूत इस्तीफा म्हणतात. मराठीत मात्र राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचे पत्र. दुखण्यावरून बोलाचाली झाली, मुकादमाने दोन-चार हजार रुपये हातावर ठेवले आणि म्हणाला, "राजीनामा कर, विषय मिटव." मऊ, आझमगडकडून आलेला माणूस समजतो की आपसात समझोता झाला, औषधाला पैसे मिळाले, बरे झाल्यावर पुन्हा कामावर जाऊ. तो अंगठा देतो किंवा उर्दूत सही करतो. वर मराठीत लिहिलेले असते की मी स्वखुशीने नोकरी सोडत असून माझे काहीही येणे बाकी नाही. मुकादम दरवेळी कपटाने असे करतो असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळदा त्याला स्वतःलाही छापील कागदावर काय आहे ते वाचता येत नाही. पण कागद आपले काम करतोच.

अशा कागदाचा कायद्यात सगळाच उपयोग होतो असेही नाही. १९२३ च्या कायद्याचे कलम १७ असे होते की इजेच्या भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. म्हणजे "भरपाई मागणार नाही" असे लिहून दिले तरी भरपाई मागता येते. नोकरी सोडल्याच्या पत्राचे तसे नाही. ते फसवून घेतले हे सिद्ध करायचे ओझे कारीगरावर येते. म्हणून न वाचलेल्या कागदावर सही करू नये. सही करावीच लागली तर आपल्या लिपीत शेजारी लिहावे की "फक्त इतके रुपये औषधासाठी मिळाले". उर्दूत लिहिलेली ओळही पुरावा असते, तिचे भाषांतर होते.

"तोच आला नाही" या मालकाच्या उत्तराचे काय? यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ सालचा डी. के. यादव यांचा निकाल प्रत्येक मागवाल्याने आणि प्रत्येक मालकाने माहीत करून घ्यावा. त्या कंपनीच्या स्थायी आदेशांत असे कलम होते की आठ दिवसांपेक्षा जास्त काळ परवानगीवाचून गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप गेली असे समजावे. कामगाराचे म्हणणे होते की डिसेंबर १९८० मध्ये आपण कामावर गेलो तर आपल्याला फाटकावरच अडवले. न्यायालयाने सांगितले की माणसाची नोकरी म्हणजे त्याची रोजी आहे, त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय ती "आपोआप" जाऊ शकत नाही. त्याला कामावर परत घेण्याचा आणि मागील पगाराची निम्मी रक्कम देण्याचा हुकूम झाला. स्थायी आदेश छापलेल्या कंपनीची ही गत, तर ज्या शेडमध्ये हजेरीची वहीसुद्धा धड नसते तिथे "आपोआप" या शब्दाला किती वजन राहील, हे मालकांनीच ठरवावे.

कायद्यांची नावे अलीकडे बदलली आहेत हे ध्यानात ठेवले पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि औद्योगिक विवाद, कामगार विमा, नुकसानभरपाई, ग्रॅच्युइटी, कारखाने असे जुने कायदे त्यांत विलीन झाले. नाव बदलले तरी आपल्या कामाचे पुष्कळसे नियम तेच राहिले आहेत. वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला कमी करायचे तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. हे २४० दिवस मोजताना पगारी सुट्ट्या धरल्या जातात, आणि कामावर झालेल्या इजेने घरी राहावे लागले ते दिवसही धरले जातात. मीटरवर मजुरी घेणाराही कामगारच आहे. "तू रोजंदारीवर नाहीस, तू ठेक्यावर आहेस" हे ऐकून पुष्कळ जण माघारी फिरतात, त्यांनी फिरू नये. जुन्या कायद्यात सततच्या आजाराने काम संपण्याचा प्रकार छाटणीतून वेगळा काढलेला होता. पण आठ दिवसांची कंबरदुखी हा सततचा आजार नव्हे. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट आहे, परंतु मृत्यू किंवा अपंगत्वाने नोकरी संपली तर ती अट लागत नाही, हेही थोड्यांना माहीत असते.

आता विम्याकडे येऊ, कारण मालकाचा खरा फायदा तिथेच आहे. राज्य कामगार विमा योजना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ईएसआय, दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याला लागते. वेतनाची मर्यादा २०१७ मध्ये महिना २१,००० रुपये करण्यात आली आणि जुलै २०१९ पासून वर्गणी मालकाची सव्वातीन टक्के, कामगाराची पाऊण टक्का अशी झाली. महिना १५,००० मिळवणाऱ्या कारीगरामागे मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे आणि कारीगराचे ११२ रुपये ५० पैसे होतात. त्याच्या बदल्यात कुटुंबाला औषधोपचार मिळतो. आजारपणात रोजीच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते, आणि इजा कामावर झालेली असेल तर बरे होईपर्यंत ९० टक्के. रोजी ५०० धरली तर आजारात ३५० आणि इजेत ४५० रुपये. आजाराच्या रकमेसाठी आधी ठराविक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. इजेच्या रकमेला ती अट नाही, कामाच्या पहिल्या दिवशी इजा झाली तरी हक्क आहे. १९४८ च्या विमा कायद्यात कलम ७३ होते. प्रमाणपत्र असलेल्या आजारपणात किंवा इजेच्या काळात कामगाराला काढणे, त्याची श्रेणी कमी करणे किंवा अन्य शिक्षा करणे त्याने मना केले होते, आणि त्या काळात दिलेली नोटीस निरर्थक ठरवली होती. नोव्हेंबर २०२५ पूर्वी ज्यांचे काम असे गेले त्यांच्या वकिलाने हे कलम उघडून पाहावे.

आणि ईएसआय नसेल तर? तर सगळा भार मालकाच्या खिशावर. विमा भरलेला असला की इजेचे देणे विमा महामंडळाचे होते, मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. विमा नसला की नुकसानभरपाईचा कायदा थेट मालकाला पकडतो, मग शेडमध्ये चारच माणसे का असेनात. १९२३ च्या कायद्याचे सूत्र असे: कायमच्या पूर्ण अपंगत्वाला वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयाच्या गुणकाने गुणायचे. २०२० मध्ये या हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० झाली. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक १८४.१७ आहे. ९,००० गुणिले १८४.१७ म्हणजे १६ लाख ५७ हजार ५३० रुपये. कमाईची ताकद पाचव्या हिश्शाने गेली असे ठरले तरी ३ लाख ३१ हजार ५०६ रुपये होतात. महिना ४८७ रुपये वाचवणाऱ्याने हा आकडा आपल्या गल्ल्यासमोर ठेवावा.

पण वाचवतात. कसे, ते आमच्या वाचकांना सांगायला नको. एका छपराखाली अठ्ठेचाळीस माग, मध्ये पत्र्याच्या भिंती, बारा माग मोठ्या मुलाच्या नावे, बारा धाकट्याच्या, बारा सुनेच्या, आणि प्रत्येक ठिकाणी माणसे नऊ. हा जुना उपाय आहे आणि त्यावर मालकांची फार मदार असते. मात्र वीज कुठून येते, सूत कोण पाठवतो, मुकादम एकच आहे का, पैसा कोणाच्या हातून फिरतो, हे पाहून अधिकारी अशा शेड एकत्र धरतात, आणि धरल्या की मागील वर्षांची वर्गणी व्याजासकट काढतात. नव्या संहितेत दहापेक्षा कमी माणसे असतील तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असल्यास स्वेच्छेने ईएसआयमध्ये येण्याची सोय ठेवली आहे. खरोखर छोट्या, सहा-आठ माणसांच्या मागधारकाला आम्ही हाच मार्ग सुचवू.

मालकांचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. ते म्हणतात, कंबर धरली म्हणून घरी गेलेला माणूस शेजारच्या गल्लीत रातपाळी करताना सापडतो. कोणी उचल घेऊन गावी जातो आणि दुखण्याची चिठ्ठी पाठवतो. असे होते. यावर उपाय फाटक बंद करणे हा नाही. विमा दवाखान्याचे प्रमाणपत्र मागावे, किती दिवस आणि कोणते काम मना आहे ते त्यावर लिहून घ्यावे, मुदत संपल्यावर न आल्यास लेखी बोलावणे पाठवावे, आणि तरीही न आल्यास चौकशी करावी. एवढे केलेल्या मालकाला न्यायालयात बोलायला तोंड राहते. शिवाय दरम्यान त्या माणसाला घडीवर, कापड तपासण्यावर किंवा कांडी भरण्यावर बसवता येते. बीम चढवायला चाकांची गाडी आणि जोडीला माणूस, पाळीत दोनदा बसण्यापुरती जागा, यांचा खर्च एका नव्या कारीगराने पहिल्या महिन्यात बिघडवलेल्या कापडापेक्षा कमी येतो. ज्याचा खांदा वर होत नाही तो तुटलेली तार उशिरा काढतो, आणि ती तार आमच्या गाळ्यावर ठाणात दिसते. गिऱ्हाईक ते ठाण परत करते.

आम्ही व्यापारी या साखळीच्या वरच्या टोकाला बसतो. माग आमचे नसतात, पण मजुरीचा भाव पिकावर, पैशांत, आमच्याकडून उतरतो. पाच पैसे कापले की मागधारक सहाऐवजी आठ माग एका माणसाला देतो. सणाच्या तोंडावर आठ दिवसांत माल हवा असे सांगितले की आजारी माणसाला रजा देण्याची मागधारकाची ऐपतच उरत नाही. १९८२ च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे विणकाम मोठ्या प्रमाणावर यंत्रमागांकडे आले. गिरणीत कामगाराला नंबर होता, पास होता, विमा होता, बदली कामगाराची पद्धत होती, त्यामुळे एखादा आठ दिवस आजारी पडला तरी त्याची जागा त्याचीच राहत असे. कापड इकडे आले, ही व्यवस्था तिकडेच राहिली. भाव ठरवताना विम्याची वर्गणी त्यात धरा असे सांगणारा मागधारक आज बाजारात हसण्यावारी जातो. आमच्या मते तो चुकीचे बोलत नाही.

आता कारीगराने काय करावे. दुखणे प्रथम तोंडी सांगितले तरी त्याच दिवशी ते लिहून द्यावे, दोन ओळी पुरेत, मोबाईलवर मुकादमाला संदेश केला तरी चालतो. त्यात वार, वेळ, मागाचा नंबर आणि काय करताना दुखले ते असावे. संदेश पुसू नये, मोबाईल बदलताना तो जपून घ्यावा. अपघात-बुक असेल तर त्यात नोंद मागावी. डॉक्टरला "मी माग चालवतो, बीम उचलतो" हे सांगून चिठ्ठीवर लिहायला लावावे. नुसती गोळ्यांची नावे असलेली चिठ्ठी काही सिद्ध करत नाही. ठाणे, मुलुंड आणि उल्हासनगर येथे विमा रुग्णालये आहेत, ज्याचा विमा नंबर आहे त्याने खासगी दवाखान्याआधी तिकडे जावे, कारण तिथल्या प्रमाणपत्रावर रोजी मिळते. "घरी जा" असे सांगितले तर किती दिवस, ते विचारावे आणि उत्तर संदेशात लिहून पाठवावे: "आपण सांगितल्याप्रमाणे शनिवारपर्यंत घरी आहे." बरे झाल्यावर शेडमध्ये जाताना एक साक्षीदार बरोबर असावा. फाटकावर परतवले तर त्याच दिवशी पत्र टाकावे की मी कामावर हजर झालो, मला काम दिले नाही. पूर्वी अशी पत्रे रजिस्टरने जात. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिळवले आहे, तेव्हा स्पीड पोस्टने पाठवून पावती ठेवावी. या एका पावतीने "तोच आला नाही" हे उत्तर निकामी होते.

यानंतर सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कचेरीत अर्ज करायचा. तिथे समेटाचा प्रयत्न होतो. ४५ दिवसांत काही झाले नाही तर कामगाराला स्वतः न्यायाधिकरणाकडे जाता येते, युनियन असलीच पाहिजे असे नाही. नोकरीचा दावा असो वा भरपाईचा, दोन वर्षे उलटू देऊ नयेत. गावी जाऊन बरे होऊ, मग पाहू, असे म्हणत तीन रमजान निघून गेलेले दावे वकिलांच्या कपाटात पडून असतात.

कारीगर पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न नोकरीचा नसतो, वकिलाच्या पैशाचा असतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील मिळण्यास पात्र असलेल्यांची यादी आहे आणि औद्योगिक कामगार त्या यादीत आहे. स्त्रियाही आहेत, म्हणजे घरी किंवा शेडमध्ये कांडी भरणाऱ्या बायकांनाही हा मार्ग खुला आहे. अर्ज तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे द्यायचा. बरोबर न्यायचे कागद असे: आधार कार्ड, मजुरीची डायरी किंवा चिठ्ठ्या, पगार खात्यात किंवा मोबाईलवर येत असेल तर त्याचा उतारा, डॉक्टरचे कागद आणि एक्स-रे, पाठवलेल्या संदेशांची छापील प्रत, स्पीड पोस्टची पावती. मालकाकडे सही करून दिलेल्या कागदाची प्रत असेल तर तीही न्यावी. प्रत नसेल तर त्या कागदावर कोणत्या तारखेला, कोणासमोर आणि किती रुपये घेऊन सही केली ते घरीच आठवून लिहून न्यावे.